टेकडीवर फोन, खाली भाऊ

मी स्वतःविषयी बोलणारी बाई नाही. नोकरीत जन्मभर बोलत आले, पण ते दुसऱ्यांशी, कानाला हेडफोन लावून, आणि बरंचसं ठरवून दिलेलं. म्हणून हे लिहायला उशीर झाला असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. उशीर झाला तो भीतीमुळे.

नंदुरबारला आमच्या आपत्कालीन मदत केंद्रात मी सुरुवातीपासून आहे. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी विहिरीत पडलं, बाळंतपण अडलं, की फोन आमच्याकडे येतो आणि आम्ही जवळची रुग्णवाहिका पाठवतो. पूर्वी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता आणि बाकी सगळं विचारून काढायचं. शाळा कुठल्या हाताला? हापशी दिसते का? रस्ता डांबरी का मातीचा? मी म्हसावदची, शेतकऱ्याच्या घरातली. सपाटीवरून फोन आला की मी अहिराणीवर यायची, आणि पलीकडचा माणूस रडायचा थांबून पत्ता सांगायला लागायचा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण म्हणायची, "तुन्हा आवाज ऐकीसन माणूस निम्मा बरा व्हई जास. गाडी पाठाडानी गरजच नही."

डोंगरातून फोन आला की मात्र घाम फुटायचा. त्यांची भिली मला येत नाही, त्यांना मराठी मोजकी. तरी तिथला एक प्रश्न आम्ही जुन्या बायका आधी विचारायचो: दुखणेकरी तुझ्याजवळ आहे, की तू फोन करायला वर आलास? कारण पाड्यांवर रेंज नसते. पाडा खाली घळीत, आणि फोन लागतो तो वर, टेकडीच्या माथ्यावर. घरातलं एक जण पळत वर जातं, बाकीचे खाली बांबूची झोळी बांधून तयार राहतात. गाडी कुठल्या बाजूच्या रस्त्याला येणार हा निरोप घेऊन तो खाली उतरला की मग झोळी उचलायची. तोवर उचलत नाहीत. डोंगराच्या दोन्ही अंगांना दोन वेगळे रस्ते. चुकीच्या बाजूला नेली झोळी, तर माणूस वाटेतच जायचा. निरोप आल्याशिवाय झोळी हलत नाही ही तिकडची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे.

हे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

मग नवीन यंत्रणा आली. भिंतीवरचा नकाशा उतरवला, प्रत्येकीसमोर दोन-दोन पडदे आले. फोन लागला की फोन करणाऱ्याची जागा आपोआप पडद्यावर उमटायची, लाल ठिपका. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. शिकवायला बाहेरून माणसं आली होती, हसतमुख, हुशार. त्यांनी सांगितलं, आता पत्ता विचारण्यात वेळ घालवायचा नाही. ठिपका आला की गाडी सोडायची आणि एक वाक्य बोलायचं: "जिथे आहात तिथेच थांबा, फोन चालू ठेवा, गाडी तुमच्यापर्यंत येत आहे." लोक घाबरून इकडेतिकडे पळतात, मग गाडीला सापडत नाहीत, म्हणून हे वाक्य. हे पटण्यासारखंच होतं. हमरस्त्यावर अपघात झाला तर हेच वाक्य बरोबर.

डोंगराचं काय, असं माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मी विचारलं नाही. आमचे फोन आता तपासले जायचे, प्रत्येक फोनला गुण मिळायचे, आणि सुरुवातीच्या तपासणीत माझे गुण सगळ्यांत कमी आले होते. बोलणं लांबतं, अनावश्यक प्रश्न, असा शेरा होता. इतकी वर्षं काम करून नव्या पोरींच्या खाली नाव. मला ते लागलं. मी प्रश्न विचारायचे सोडले, आणि गुण वाढले.

तो फोन पावसाळ्यात दुपारी आला. पुरुषाचा आवाज, धापा टाकत होता. भावाला साप चावला म्हणाला. ठिपका लगेच उमटला, ठळक, न हलणारा. मी साप कुठे चावला विचारलं, शुद्धीवर आहे का विचारलं, पाय हलवू देऊ नका सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ खाली पाड्यावर आहे, बाई. गाडी कुठं येते ते सांग." मी म्हणाले, "जिथे आहात तिथेच थांबा, फोन चालू ठेवा, गाडी तुमच्यापर्यंत येत आहे." तो म्हणाला, "इथंच थांबू?" मी म्हणाले, "हो, तिथेच थांबा."

पुढचा फोन आला. मी तो घेतला.

संध्याकाळी त्या फोनच्या नोंदीवर शेवटचा शिक्का दिसला: फोन करणारा जागेवर आढळला नाही, संपर्क झाला नाही, गाडी परत. असं होतं कधीकधी. लोक खाजगी जीप करून निघून जातात. मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. मला काहीच वाटलं नाही.

त्या फोनला पूर्ण गुण मिळाले. आवाज शांत, सूचना अचूक, वेळ कमी. आमच्या केंद्राचे प्रमुख, आम्ही त्यांना सर म्हणतो, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, हा नमुना कॉल म्हणून ठेवतोय. आणि आता नव्यांना तुम्हीच शिकवा." मी पेढे वाटले. त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीला मी तो फोन ऐकवला, शेजारी पडद्यावर नकाशा आणि ठिपका दाखवत. आवाज माझा आहे हे मी मोठ्या अभिमानाने सांगायची. मिरचीचा हंगाम सुरू झालेला, बाजाराकडून तिखटाची खाट यायची, पोरी ठसकायच्या, मी खिडक्या लावून घ्यायची, आणि फोन पुन्हा पहिल्यापासून ऐकवायची. "ऐका, घाई आहे का माझ्या आवाजात? नाही ना?"

"भाऊ खाली पाड्यावर आहे." हे वाक्य त्यात स्पष्ट ऐकू येतं. कुणीही कधी त्यावर बोट ठेवलं नाही. मीही नाही.

हिवाळ्यात एका तुकडीला डोंगर दाखवायला नेलं. ही कल्पना माझीच. सपाटीवरच्या मुली, मोलगी गावाच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. जीप रस्ता संपेपर्यंत गेली, मग आम्ही पायवाटेनं चढलो. माथ्यावर एक पसरट खडक, त्याच्या कडेला वाळलेलं गवत, आणि खडकावर चार-पाच माणसं फोन कानाला लावून आपापल्या दिशेला तोंड करून बसलेली. मुलींच्याही पिशव्यांतले फोन वाजायला लागले. एकीनं आईला फोन लावला. दुसरी नकाशा उघडून बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, हीच ना ती जागा? नमुना कॉलमधली? नदीचं वळण तसंच आहे बघा."

मी बघितलं. तीच होती.

इतके दिवस त्या ठिपक्याच्या जागी मी एक घर धरून चालले होते. कुडाचं घर, आत खाट, खाटेवर माणूस, उंबऱ्यात त्याचा भाऊ फोन घेऊन उभा. इथे घर नव्हतं. झाडसुद्धा नव्हतं. खाली एका अंगाला आम्ही आलो तो रस्ता, आणि दुसऱ्या अंगाला खोल घळीत पाडा, धूर निघत असलेला, आणि पाड्याच्या पलीकडे, अगदी जवळ, दुसरा रस्ता. लाल मातीची रेघ. गाडी त्या रस्त्याला पाठवली असती तर झोळी तिथवर सहज गेली असती. मी गाडी या अंगाला पाठवली होती, रिकाम्या खडकाकडे. मी खडकावर बसले. मुलींना वाटलं चढ लागला. एकीनं पाणी दिलं.

फोनवर बोलणाऱ्यांतला एक माणूस उठून आला. तिशी-पस्तिशीचा, डोक्याला टॉवेल. "कुठल्या तुम्ही?" मुली म्हणाल्या, रुग्णवाहिका पाठवतो आम्ही, नंदुरबारहून. तो आमच्यासमोर उकिडवा बसला. डोंगरातली माणसं सगळ्यांना तूच म्हणतात, तोही माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तुला सांगतो. माझी चूक झाली."

मला वाटलं, फोन चुकीचा लावला असेल, असलं काहीतरी.

"मागच्या पावसाळ्यात भावाला साप चावला. मी इथंच आलो. फोनवरची बाई म्हणाली थांब. मी थांबलो. खालून हाका मारत होते, काय निरोप, काय निरोप. मी उतरलो नाही. बाईनं सांगितलं होतं ना. लई थांबलो. मग वहिनीच रडत वर यायला निघालेली दिसली, मला राहवलं नाही. गेलो खाली. आणि नंतर गाडी आली. मी नव्हतो. गाडी परत गेली." तो खडकावर बोटानं रेघ ओढत होता. "झोळी उचलली तोवर भावाचा जीव गेला. मी जागा सोडली नसती, तर गाडी मिळाली असती. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं."

 जिला दोष द्यायचा ती त्याच्यापुढे बसली होती आणि तो स्वतःचा दोष मला सांगत होता.

"आता मी सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "इथं फोन करायला कुणी पण येऊ दे. बाईनं थांब म्हटलं तर थांब. खाली काही पण होऊ दे, हलू नको."

मग त्यानं मान तिरकी केली. "तुझा आवाज तसाच आहे. तूच होती का?"

"नाही," मी म्हणाले. "मी शिकवते. मी फोन घेत नाही."

तो बरं म्हणाला. मी वर बघितलं, तर माझ्या सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. तो आवाज कुणाचा हे त्यांना मीच सांगितलं होतं.  जीपमध्ये कुणी गाणंसुद्धा लावलं नाही. नंदुरबार येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं.

त्यानंतर मी बरेच दिवस काहीही केलं नाही. हेच मला सगळ्यांत कठीण जातंय लिहायला. एकटीनं तो फोन पुन्हा ऐकला. माझा आवाज किती गोड आहे त्यात. भाऊ खाली आहे म्हणणाऱ्या माणसाला मी न अडखळता, न थांबता उत्तर देते. मला ऐकू आलं होतं, समजलं होतं, आणि मी विचार केला नाही, कारण ठिपका आलेला होता. इतकं साधं आहे ते. 

मैत्रिणीला सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. "आते काय उपेग शे सांगीसन? तो मरी गया. तुन्ही नोकरी जाई, आनि तो का उठी बसनार शे?"

"त्यानी माय त्याना भाऊसंगे बोलत नही," मी म्हणाले.

 ती म्हणाली, "तू ते नको सांगू मले. मन्हाकडे बी असा फोन येल व्हई. मी आठवाडाले नही जात."

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, फोन दोनदा लावून ऐकला. "मॅडम, नियमानं कॉल बरोबर आहे. वाक्य वरून आलंय, तुमच्या मनचं नाही." मी म्हणाले, "सर, प्रश्न माझ्या मनचा होता. तो मी काढून टाकला." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. वर लिहून कळवतो म्हणाले, आणि तोवर डोंगरातल्या फोनला जुना प्रश्न विचारायला हरकत नाही, गुण कापणार नाही, असं तोंडी सांगितलं. शिक्षेचं काही बोलले नाहीत. शिक्षेची मी तयारी करून गेले होते. ती झाली नाही तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पुढच्या तुकडीला मी तोच फोन लावला. "भाऊ खाली पाड्यावर आहे" इथे थांबवला. विचारलं, आता काय बोलाल? एकीनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, बरोबर माझ्याच सुरात.  मी त्यांना पुढचं सगळं सांगितलं. टेकडी, दोन रस्ते, झोळी, निरोप. आणि टेकडीवर मी काय खोटं बोलले तेही. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मग याला पूर्ण गुण कसे, मॅडम?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मी म्हणाले, "गुण देणाऱ्यांनी मी काय बोलले ते ऐकलं. तो काय बोलला ते कुणी ऐकलं नाही."

पण वर्गात सांगणं सोपं होतं. वर्गाचं काही गेलेलं नव्हतं.

आमचूरच्या दिवसांत मी मोलगीच्या बाजाराला गेले, एकटी. टेकडीवरचा माणूस बाजारात असणार याची खात्री नव्हती. नकाशावर बघून ठेवलेलं पाड्याचं नाव विचारत विचारत गेले तर सापडला. पोत्यावर वाळलेल्या कैरीच्या फोडी पसरून बसला होता आणि व्यापाऱ्याशी घासाघीस चालू होती. व्यापारी म्हणत होता माल काळा आहे. हा म्हणाला, "काळा आहे तर तुझ्या तोंडात का गेला?" आजूबाजूचे हसले. व्यापारी चघळत पुढे गेला.

मला बघून तो म्हणाला, "शिकवणारी बाई. आमचूर पाहिजे?"

मी त्याच्यासमोर खाली बसले. "त्या दिवशी फोनवर मीच होते," मी म्हणाले. "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. आणि तुझी चूक नाही. तू तिथे थांबला असतास तरी गाडी टेकडीपर्यंतच आली असती, आणि भाऊ खालीच राहिला असता. तू खाली जाऊन झोळी उचलायला हवी होती, आणि कुठल्या रस्त्याला न्यायची ते मी सांगायला हवं होतं. तू मला सांगितलंस भाऊ खाली आहे. मी ऐकलं होतं."

 तो फोडी उगाच वरखाली करत राहिला. एक बाई भाव विचारून गेली, त्यानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं शिवी देईल, द्यावी. तो म्हणाला, "मग मी जास्त थांबलो?"

हे मला अपेक्षित नव्हतं. आपण कमी थांबलो, हे त्याचं ओझं मी उतरवायला आले होते, आणि दुसरं त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. "माझ्या सांगण्यावरून थांबलास," मी म्हणाले. "ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे."

त्यानं पोतं बांधायला घेतलं, अर्धा माल विकायचा असताना. "मला सांगून काय होतं? आईला सांग."

जीपनं त्या दुसऱ्या रस्त्याला उतरलो, जिथे मी गाडी पाठवायला हवी होती. पाडा तिथून खरंच जवळ होता. चालताना मी अंतर बघायचं टाळत होते. त्याची आई दारात मोहाची फुलं निवडत होती. म्हातारीला मराठी येत नाही. तो सांगायला पुढे झाला आणि थांबला. त्याच्याच तोंडून त्याचीच सुटका, ती कशी खरी मानणार? त्यानं भावाच्या बायकोला हाक मारली. ती आश्रमशाळेत शिकलेली, मराठी चांगलं बोलते. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "सांग. मी सांगते तिला."

मी एकेक वाक्य सांगितलं. फोन मी घेतला होता. भाऊ खाली आहे हे यानं सांगितलं होतं. मी थांब म्हणाले. गाडी मी चुकीच्या बाजूला पाठवली. ती प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, मग भिलीत सांगायची. "हा हलला असता तर झोळी लवकर निघाली असती, पण थांब असं मी सांगितलं," हे वाक्य तिनं सांगितलंच नाही लगेच. आधी माझ्याकडे बघत राहिली. तिचा नवरा होता तो. मग सांगितलं.

म्हातारीचे हात फुलांवर थांबले होते. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मुलाकडे बघून ती बोलायला लागली, आधी हळू, मग भरभर, मध्ये आवाज चढला, पुन्हा खाली आला. तो अंगणात उभा होता तो तिथेच मातीत बसला आणि एका-एका शब्दानं उत्तरं द्यायला लागला. भावजयीनं मला त्यातलं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग भावजय आत गेली. मायलेक अजून बोलतच होते. मी चपला घातल्या आणि रस्त्याच्या दिशेनं चालू लागले.